घरबसल्या ‘इंटरनॅशनल’ इंटर्नशिप: पण तुमचं काम वाचणार कोण?

भाचीचा मेसेज रात्री साडेअकराला आला. ती तिसऱ्या वर्षाला आहे, राज्यशास्त्र घेऊन, नाशिकला. मेसेजमध्ये एक पोस्टर होतं. निळी पृथ्वी, तिच्याभोवती ऑलिव्हच्या दोन डहाळ्या, आणि खाली ठळक अक्षरांत ‘रिमोट इंटर्नशिप इन इंटरनॅशनल अफेअर्स अँड डिप्लोमसी. चार आठवडे. जागा मर्यादित. नोंदणी २,४९९ रुपये.’ त्याखाली तिचे दोन प्रश्न: ‘मावशी, भरू का? ओजेटी पण होऊन जाईल ना?’

फोनवर ‘नको भरूस’ म्हणून मोकळी झाले असते. पण तिच्या वर्गातल्या सात-आठ जणींकडे हेच पोस्टर फिरतंय असं कळलं आणि म्हटलं, जरा नीट बसून लिहावं.

ही धावपळ कशामुळे

ज्यांच्या घरात सध्या कॉलेजातलं पोर नाही त्यांच्यासाठी सांगते. ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम बदलले तेव्हा ते आलं. चार क्रेडिट, साधारण १२० तासांचं काम, वर अहवाल आणि मार्गदर्शकाची सही. कॉमर्सची मुलं सीएच्या ऑफिसात बसतात, सायन्सची लॅबमध्ये नाहीतर कंपनीत. राज्यशास्त्रवाल्यांनी कुठे बसायचं? तहसील कचेरीत? (खरं सांगायचं तर तहसील कचेरीत पुस्तकापेक्षा जास्त राज्यशास्त्र शिकायला मिळेल, पण तो विषय वेगळा.)

त्यातही जिला आंतरराष्ट्रीय राजकारणाची गोडी आहे तिची पंचाईत मोठी. परदेशांच्या वकिलाती (कॉन्सुलेट) मुंबईत, मुख्य दूतावास आणि मोठ्या संशोधन संस्था दिल्लीत. दिल्लीत दोन महिने राहायचं तर खोलीभाडं, मेस, प्रवास; बिनपगारी काम करायला एवढा खर्च किती घरांना झेपेल? त्यामुळे ‘घरबसल्या’ हा शब्द कानाला गोड लागतो, आणि लागावाच. लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या मुलीला लॅपटॉपवरून हे दार उघडता आलं तर चांगलंच आहे. फक्त दार खरं आहे की भिंतीवर रंगवलेलं, हे आधी पाहायला हवं.

उमेदवारी, पण कुरिअरने

इंटर्नशिपला आपल्याकडे जुना शब्द आहे, उमेदवारी. शिंप्याकडे उमेदवारीला राहिलेलं पोरगं आधी काजं-बटणं करायचं, तुरपाई करायचं, मग कधीतरी कापडाला कात्री लावायचं. पगार नसायचा किंवा नावाला असायचा. पण काज वाकडं झालं की उस्ताद ते उसवायला लावायचा. शिक्षण व्हायचं ते त्या उसवण्यात.

रिमोट इंटर्नशिप म्हणजे हीच उमेदवारी, फक्त शिंपी दुसऱ्या गावात. तुम्ही काजं करून कुरिअरने पाठवायची. शिंप्याने पार्सल उघडलं, वाकडं काज दाखवलं, पुन्हा करायला लावलं, तर तुम्ही शिकलात. पार्सल कोपऱ्यात तसंच पडून राहिलं आणि महिन्याने ‘उत्कृष्ट शिंपी’ असं प्रमाणपत्र घरी आलं, तर काय झालं ते तुम्हीच ठरवा.

मी स्वतः त्या कोपऱ्यातल्या पार्सलांतली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी घरून काम करत होते. रोज सकाळी मराठी आणि हिंदी वृत्तपत्रं वाचायची, परराष्ट्र धोरणाशी संबंधित बातम्यांचा एक पानी इंग्रजी गोषवारा करायचा आणि नऊच्या आत मेल करायचा. पहिला महिना कोणाचंच उत्तर नाही. मला वाटलं, चूक नाही म्हणून उत्तर नाही. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी धीर करून ऑफिसला फोन केला. ज्यांना मी मेल पाठवत होते त्यांनी पाच आठवड्यांपूर्वीच नोकरी सोडली होती. पाच आठवडे मी एका बंद खोलीत वर्तमानपत्र टाकत होते! प्रमाणपत्र मात्र वेळेवर आलं, त्यावर माझ्या ‘मोलाच्या योगदाना’चा उल्लेखही होता.

तेव्हापासून अशा कुठल्याही संधीबद्दल मी एकच प्रश्न विचारते. मी केलेलं काम कोण वाचणार? पदनाम नको, माणूस सांगा.

‘इंटरनॅशनल अफेअर्स’मध्ये नेमकं असतं काय

टीव्हीवर दिसतात ते हस्तांदोलन करणारे पंतप्रधान. ते या क्षेत्राचं लग्नातलं स्टेज झालं. मागे मुदपाकखाना असतो. कुठल्या देशाने कशावर कर लावला, कोणाचं जहाज कुठे अडलं, कोणी कुठे काय मत दिलं, कोणत्या करारातलं कोणतं कलम कधी संपतं, याच्या नोंदी ठेवणारी माणसं तिथे बसलेली असतात. परराष्ट्र खाती, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, मदत संस्था आणि थिंक टँक यांत ती विखुरलेली आहेत. थिंक टँक म्हणजे धोरणांचा अभ्यास करून सरकारला किंवा लोकांना सल्ल्याचे कागद लिहून देणारी संस्था. मुंबईतली गेटवे हाउस ही २००९मध्ये सुरू झालेली अशीच एक. दिल्लीतल्या सप्रू हाउसमधली इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स १९४३ची.

आणि हे सगळं न्यूयॉर्क-जिनिव्हातच घडतं असंही नाही. नाशिकच्या मुलीला तर मी लासलगावचंच उदाहरण देते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९मध्ये कांद्याची निर्यात थांबवली. काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर सभेत हसत म्हणाल्या, की निदान आधी कळवायचं तरी होतं, मी आमच्या आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलंय. सभा हसली, ढाक्यातल्या गृहिणी हसत नव्हत्या. डिसेंबर २०२३मध्ये पुन्हा निर्यातबंदी आली, ती उठायला मे २०२४ उजाडला. बाजार समितीत त्या दिवशी लिलाव का बंद पडले, शेतकरी काय म्हणत होते, हे मराठी वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर होतं. ढाक्यावर अभ्यास करणाऱ्या दिल्लीतल्या माणसाला ती पानं वाचता येत नाहीत. भाचीला येतात.

एक काम जवळून बघू

इंटर्नला खरोखर दिलं जाईल असं एक काम घेऊ. २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणाविरुद्ध ठराव आला. बातमी अशी: बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. भारत तटस्थ. बहुतेक वाचक इथे थांबतात.

इंटर्नला सांगितलं जातं, एक्सेलमध्ये १९३ ओळी कर, सदस्य देश तेवढे आहेत. आता बेरीज करा: १४१ अधिक ५ अधिक ३५ म्हणजे १८१. उरलेले १२ कुठे गेले? ते मतदानालाच नव्हते. तटस्थ आणि गैरहजर यांत फरक असतो. तटस्थ देश सभागृहात बसून ‘मी कोणाच्याच बाजूचा नाही’ असं नोंदवतो, गैरहजराला तेवढंही नोंदवायचं नसतं. किंवा नोंदवता येत नाही. त्या १२ जणांतल्या व्हेनेझुएलाची वर्गणी थकली होती, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या १९व्या कलमाप्रमाणे दोन वर्षांची वर्गणी थकली की आमसभेतलं मत जातं. सोसायटीचा मेंटेनन्स थकवणाऱ्याला सभेत बोलू देत नाहीत ना, तसं.

मग शेजारी पाहा. भारत, पाकिस्तान, चीन, बांगलादेश, श्रीलंका हे सगळे एका रकान्यात, तटस्थ. नेपाळ आणि भूतान मात्र ठरावाच्या बाजूने. भूतानचं मत भारतापेक्षा वेगळं? हा प्रश्न पडला की समजायचं, एक्सेल भरणारी मुलगी आता विचार करायला लागली. म्यानमारचं मत तर त्याहून विचित्र. तिथे लष्कराने सत्ता घेऊन वर्ष झालं होतं आणि लष्कराची सहानुभूती रशियाकडे, तरी मत पडलं रशियाविरुद्ध. कारण न्यूयॉर्कमधल्या खुर्चीवर अजून लष्कराआधीच्या सरकारने नेमलेला राजदूत बसला होता.

आता शेजारी दुसरा रकाना काढा, २३ फेब्रुवारी २०२३ला युक्रेनवरच आलेल्या ठरावाचा. बाजूने पुन्हा १४१! बातमी लिहिणाऱ्याने ‘जगाची भूमिका कायम’ असा मथळा दिला तर त्याला दोष देता येणार नाही. पण विरोधात आता ५ नाहीत, ७ आहेत. वर्षभरापूर्वी तटस्थ असलेले माली आणि निकाराग्वा तिकडे सरकले. तिसरा रकाना २४ फेब्रुवारी २०२५चा: ९३ बाजूने, १८ विरोधात, ६५ तटस्थ. आणि विरोधातल्या १८ जणांत रशियाच्या बरोबर अमेरिका.

तीन रकाने, १९३ ओळी, सगळी माहिती खुली, पासवर्ड कुठेच नाही. एक शनिवार-रविवार जाईल. या तक्त्यावरून दोन पानांचं टिपण लिहिलं की त्याला पॉलिसी ब्रीफ म्हणतात: कामात बुडालेल्या अधिकाऱ्याने गाडीत बसल्या बसल्या वाचावं एवढं छोटं, आणि शेवटी ‘मग आपण काय करावं’ हे सांगणारं.

हे काम देतं कोण

या प्रकाराचं मोठं सरकारी रूप अमेरिकेतलं. मे २००९मध्ये तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात ‘व्हर्च्युअल स्टुडंट फॉरेन सर्व्हिस’ची घोषणा केली. विद्यार्थ्याने आपल्या कॉलेजातूनच दूरच्या दूतावासासाठी किंवा खात्यासाठी आठवड्याला दहाएक तास काम करायचं, शैक्षणिक वर्षभर. पुढे इतर सरकारी विभागही त्यात आले आणि ‘फॉरेन’च्या जागी ‘फेडरल’ आलं. काम बिनपगारी. आणि अट नागरिकत्वाची: फक्त अमेरिकन नागरिक. व्हॉट्सअॅपवर ‘अमेरिकन परराष्ट्र खात्यात घरबसल्या इंटर्नशिप, भारतीय विद्यार्थ्यांना सुवर्णसंधी’ असं काही फिरत असेल तर ते इथेच निकालात काढा. ही योजना तुमच्या चुलतभावाच्या, न्यू जर्सीत जन्मलेल्या मुलीसाठी आखलेली, तुमच्या मुलीसाठी नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची इंटर्नशिप आपल्या मुलांना खुली आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेले, पदव्युत्तर शिक्षण घेणारे किंवा पदवी मिळून वर्ष न झालेले अर्ज करू शकतात. मुदत दोन ते सहा महिने. कोविडच्या काळात यातलं बरंच काम घरून झालं. आता जाहिरातीगणिक वेगळं असतं. घरून चालेल असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर चालणार नाही असंच धरायचं.

तिसरी वाट मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते, कारण ती स्वतःला इंटर्नशिप म्हणवतच नाही. जर्मनीतल्या बॉन शहरात मुख्यालय असलेली ‘यूएन व्हॉलंटिअर्स’ ही संस्था ऑनलाइन स्वयंसेवक घेते. वय १८ पूर्ण हवं, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. भाषांतर, लेखन, डिझाइन, माहिती गोळा करणं अशी ठरावीक कामं असतात आणि प्रत्येक काम कोणत्या संस्थेला कशासाठी हवंय ते वर लिहिलेलं असतं. वाचणारा कोण, हे अर्ज करण्याआधीच कळतं.

अर्जसुद्धा न करता करता येईल असं एक काम म्हणजे नकाशे. २०१०च्या हैतीच्या आणि २०१५च्या नेपाळच्या भूकंपानंतर हजारो लोकांनी घरी बसून उपग्रहाच्या छायाचित्रांवर घरं आणि रस्ते रेखले, ते ओपनस्ट्रीटमॅपच्या खुल्या नकाशात गेले आणि मदत पथकांनी वापरले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत काय झालं हे ज्या घरांत अजून बोललं जातं, तिथल्या मुलांना याचं मोल वेगळं समजावायला नको.

आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिप मात्र रिमोट नाही, दिल्लीला जावं लागतं. तरी सांगते, कारण तिची माहिती फार कमी मुलांना असते. वर्षात दोन सत्रं, एक ते तीन महिने, वयाची अट २५, महिन्याला १०,००० रुपये मानधन आणि विमानाचं येण्या-जाण्याचं भाडं. राहण्याची सोय आपली आपण. जागा मोजक्या, पण आकांक्षित जिल्ह्यांतल्या, म्हणजे विकासात मागे राहिलेले म्हणून केंद्राने निवडलेल्या जिल्ह्यांतल्या, उमेदवारांना प्राधान्य आहे. महाराष्ट्रात ते जिल्हे म्हणजे नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव. तिथल्या किती प्राध्यापकांनी हे वर्गात सांगितलं असेल?

‘पण खरं गुपित काम घरी कोण देईल?’

कोणीच देणार नाही, आणि हा आक्षेप बरोबर आहे. जुन्या वाड्यात ओसरी असायची, माजघर असायचं आणि आत कुलूपबंद खोली. परका माणूस ओसरीवर. रिमोट इंटर्नची जागा ओसरीवरच. गुप्त तारा, वाटाघाटींचे मसुदे, देशाची आतली भूमिका यातलं काही त्याच्या लॅपटॉपवर येत नाही.

पण ओसरीवर बसून पुष्कळ कळतं. कोण आलं, कोण गेलं, कोण तावातावाने बाहेर पडलं. वर सांगितलेला तक्ता सगळा ओसरीवरचाच.

याची उलटी बाजूही ध्यानात ठेवा. काम देणारा तुमच्याकडूनच आतलं मागू लागला तर? ‘रिसर्च’च्या नावाखाली तुमच्या गावाजवळच्या लष्करी तळाचे, बंदराचे, रेल्वे यार्डाचे फोटो, सैन्यात असलेल्या नातेवाइकाची बदली कुठे झाली याची चौकशी. ही इंटर्नशिप नव्हे. पैसे कितीही देत असले तरी तिथेच थांबायचं आणि घरी सांगायचं.

‘बिनपगारी का करायचं?’

या प्रश्नावर माझं मत सरळ आहे: शक्यतो करू नये. २०१५मध्ये न्यूझीलंडचा एक २२ वर्षांचा मुलगा जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांकडे बिनपगारी इंटर्न होता आणि भाडं परवडत नाही म्हणून सरोवराकाठी तंबूत राहत होता. ती बातमी जगभर गाजली. या अन्यायाकडे लक्ष वेधावं हाही आपला हेतू होता, हे त्याने नंतर सांगितलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०२०पासून इंटर्नना विद्यावेतन द्यायला सुरुवात केली. सचिवालयाची इंटर्नशिप मात्र बिनपगारीच राहिली.

बिनपगारी काम श्रीमंत घरच्या मुलांनाच परवडतं, आणि मग मोठ्या टेबलांपर्यंत तीच मुलं पोचतात. रिमोटमुळे जिनिव्हाचं भाडं वाचलं, हे खरं. पण वेळ फुकटच गेला ना? शिकवणी घेऊन महिन्याला चार पैसे घरात देणाऱ्या मुलीचे १२० तास स्वस्त नसतात. म्हणून हिशेब असा ठेवा: पैसे नसतील तर शिकवणारा माणूस हवा, आठवड्यातून एकदा तरी काज उसवायला लावणारा. दोन्ही नसेल तर घरचं काम बरं.

आणि काम करण्यासाठी तुम्हीच पैसे द्यायचे? शिंप्याला पैसे देऊन त्याची काजं करून देणारं पोरगं मी तरी पाहिलेलं नाही.

पोस्टरवरची ती निळी पृथ्वी

भाचीच्या पोस्टरकडे पुन्हा वळते. ऑलिव्हच्या डहाळ्यांमधला जगाचा नकाशा हे संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह. पोस्टरवर तसंच काहीतरी होतं, थोडं बदलून. हे कुणीही वापरावं असं चिन्ह नाही. आपल्याकडे १९५०चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धचा कायदा आहे, आणि त्याच्या परिशिष्टातली पहिलीच नोंद संयुक्त राष्ट्रांचं नाव, चिन्ह आणि मुद्रा यांची आहे. अशोकचक्राला जे संरक्षण, तेच त्याला.

दुसरं, संयुक्त राष्ट्रांच्या नोकरभरतीच्या संकेतस्थळावर स्वच्छ लिहिलेलं असतं की भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेतलं जात नाही. अर्जाचं नाही, मुलाखतीचं नाही, प्रशिक्षणाचं नाही. २,४९९ तर सोडाच, ४९ रुपये मागितले तरी पोस्टर खोटं.

सगळ्याच पैसे घेणाऱ्या संस्था भामट्या असतात असं नाही म्हणत मी. काही जण चार चांगली व्याख्यानं देतात, पुस्तकांची यादी देतात. मग त्याला कोर्स म्हणावं आणि कोर्सची फी घ्यावी. इंटर्नशिप म्हणू नये.

‘माझं इंग्रजी कच्चं आहे’

बोलण्याचं असेल तर बिघडत नाही. या कामात लिहावं लागतं, आणि तेही छोटी, सरळ वाक्यं. अलंकारिक इंग्रजी लिहिणाऱ्यालाच उलट आधी ते विसरावं लागतं. ‘एआय सगळं लिहून देतं, मग मी कशाला’ हा आक्षेपही अलीकडे ऐकते. गोषवारा एआय लिहील, मान्य. पण बेरीज १८१ आली आणि देश १९३ आहेत हे पाहून थबकायचं, मग उरलेले १२ मूळ नोंदीतून शोधायचे, हे कुणीतरी करायलाच हवं. एआयने दिलेला आकडा मूळ कागदाशी ताडून पाहणारा माणूस आज जास्त लागतो. आणि लासलगावच्या लिलावाची बातमी कुठल्या पानावर असते हे एआयला अजून आपल्या पोरींइतकं ठाऊक नाही.

‘याने नोकरी लागते का? यूपीएससीला उपयोग होतो का?’

थेट नाही. परराष्ट्र सेवेत जायचं तर यूपीएससीची परीक्षाच द्यावी लागते आणि इंटर्नशिपला तिथे एकही गुण नाही. मुख्य परीक्षेतल्या सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात आंतरराष्ट्रीय संबंध असतात, तिथे सवय कामी येईल. मुलाखत २७५ गुणांची. अर्जात इंटर्नशिप लिहिलीत तर त्यावर विचारणारच. ‘काय केलंत?’ याला ‘सर, चार वेबिनार ऐकले’ आणि ‘सर, तीन ठरावांवरची १९३ देशांची मतं लावून पाहिली, त्यात मला म्यानमारचं कोडं पडलं’ ही दोन उत्तरं शेजारी ठेवून पाहा.

नोकऱ्यांचं बोलायचं तर काळ बरा नाही. अमेरिकेची परदेशी मदत हाताळणारी यूएसएड ही संस्था १ जुलै २०२५ रोजी बंद होऊन तिचं उरलंसुरलं काम परराष्ट्र खात्यात गेलं. संयुक्त राष्ट्रांतही त्याच वर्षी ‘यूएन ८०’ नावाने काटकसर सुरू झाली. अनुभवी माणसंच घरी बसली की इंटर्नचं काम वाचायला वेळ कोणाला उरणार? या आटत्या पाण्यात पोस्टरांचा सुळसुळाट मात्र वाढलाय.

घड्याळाचं आणि एकटेपणाचं

न्यूयॉर्कची सकाळी दहाची मीटिंग म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठ. दोन खोल्यांच्या घरात नेमकी तेव्हा टीव्हीवर मालिका आणि ओट्यावर कुकर. जिनिव्हा सोयीचं, तिथले दहा म्हणजे आपले दीड किंवा अडीच. हे घरच्यांशी आधी बोलून घ्या. ‘पोरगी रात्री लॅपटॉपवर कुणाशी बोलते’ हा प्रश्न शेजारून यायच्या आत.

एक गोष्ट रिमोटमध्ये मिळत नाही, ती म्हणजे चहाची वेळ. ऑफिसात चहा घेताना साहेब सहज म्हणून जातात, ‘तो अहवाल नको वाचूस, हा वाच.’ मेलवर असं कोणी लिहीत नाही. त्याला उपाय एकच मला सापडलाय: आठवड्यातून एकदा स्वतःहून पंधरा मिनिटांचा फोन मागून घ्यायचा, आणि तीन प्रश्न लिहून ठेवायचे. मराठी मुलांना मागायचा संकोच फार. मलाही होता, म्हणून तर पाच आठवडे वाया गेले.

भाचीचं पुढे काय झालं

पैसे भरण्याआधी पोस्टरवाल्यांना एक मेल टाक असं तिला सांगितलं. मेलमध्ये एकच प्रश्न: ‘माझं काम कोण वाचेल आणि त्यावर मला शेरे कोण देईल?’ दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. प्रमाणपत्राची सॉफ्ट कॉपी मोफत मिळेल, हार्ड कॉपी हवी असल्यास ३०० रुपये वेगळे.

ओजेटीचं अजून ठरलेलं नाही. तिच्या विभागप्रमुख मॅडमनी निर्यात करणाऱ्या एका कांदा व्यापाऱ्याकडे विचारून पाहते म्हटलंय. दरम्यान तिच्या लॅपटॉपवर १९३ ओळींचा तक्ता तयार झालाय. काल पुन्हा रात्री साडेअकराला मेसेज आला: ‘मावशी, २०२२ला अफगाणिस्तानने रशियाच्या विरोधात मत दिलंय. पण तेव्हा काबूलमध्ये तालिबान होतं ना? मग हे मत धरायचं कोणाचं?’